गुरुवारी भोसरी बंद असते

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत नोकरी शोधायला मी पहिल्यांदा गेले, तो गुरुवार होता. ज्यांनी तिथे काम केलंय त्यांना एवढ्यावरच हसू येईल. जुलै २०१८. फाइलमध्ये सीव्हीच्या पंचवीस प्रती, प्रत्येकीला मार्कशीटची झेरॉक्स टाचलेली, पायात नवे बूट. लांडेवाडीला बसमधून उतरले आणि चालत आत शिरले, तर सगळीकडे सामसूम. शटर खाली, गेट बंद, एका टपरीवर ताडपत्री बांधलेली. मला वाटलं कोणी मोठा माणूस गेला की काय.

तासभर फिरल्यावर एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या गेटवर एक वॉचमन काका खुर्ची टाकून बसलेले दिसले. त्यांना विचारलं, "काका, आज बंद आहे का काही?"

"बंद कशाचा? आज बेस्तरवार. भोसरीला बेस्तरवारी सुट्टी असती."

सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकाच वेळी येऊ नये म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटलेल्या असतात. रविवार आपला, गुरुवार भोसरीचा. तीन वर्षं डिप्लोमा मेकॅनिकल शिकले, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

"बेस्तरवार" ऐकून मी त्यांना गाव विचारलं. भूम तालुका. मी शेजारच्या बार्शीची. मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बसायला स्टूल दिलं. मी आशेने सीव्ही काढला. त्यांनी तो घेतला, नीट पाहिला, आणि टेबलाचा ड्रॉवर ओढला. ड्रॉवर गच्च भरलेला होता. निळ्या फाइली, स्टेपल केलेले कागद, फोटो चिकटवलेले, काहींवर चहाच्या ग्लासाचे गोल डाग. एक कागद चौघडी करून टेबलाच्या पायाखाली घातलेला होता, त्यावर "करिअर ऑब्जेक्टिव्ह" एवढं वाचता येत होतं.

"हितं टाकलेला कागद सायबापर्यंत जात न्हाय, पोरी. एचआरवाले म्हंत्यात ठेवून घ्या, म्हणून ठेवतो. भरला की भंगारवाल्याला देतो."

माझा सीव्ही त्यांनी परत दिला. म्हणाले, "दहा रुपये लागले असतील झेरॉक्सला. ऱ्हाऊ दे."

इथपर्यंत कशी आले, तेही थोडक्यात सांगते. साठ जणांच्या वर्गात आम्ही चार मुली. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, शेवटच्या परीक्षेत मला ७१ टक्के. कॉलेजात दोन कंपन्या आल्या, दोघींनी मुलांचीच यादी मागितली. अण्णा बार्शीत डाळ मिलमध्ये हिशेब बघतात. त्यांनी नऊ हजार रुपये मोजून हातात दिले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नाहीच जमलं तर ये, पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, एक स्थळ उन्हाळ्यातच येऊन गेलं होतं. चार मुलींच्या खोलीत कॉट बेसिसवर १,८०० रुपये, मेस २,२००. आई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवायची, त्यामुळे रात्रीचं जेवण पुष्कळदा तेच. मेसवाल्या काकूंना मी एकवेळचाच डबा सांगून आठशे वाचवले.

नोकऱ्या नव्हत्या असं अजिबात नाही. रोज सकाळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दहा-बारा मेसेज पडायचे. "अर्जंट रिक्वायरमेंट, डिप्लोमा मेक, २०१७-१८ पासआऊट, बस कँटीन फ्री, ओन्ली बॉईज." ते शेवटचे दोन शब्द मी आधी बघायला शिकले, म्हणजे बाकीचं वाचायचा वेळ वाचायचा. काही मेसेज "नीम ट्रेनी" असे असायचे. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, एआयसीटीईने, २०१३ साली काढलेली ही योजना. त्यात तुम्ही कामगार नसायचात, प्रशिक्षणार्थी असायचात, म्हणून पीएफ नव्हता, आणि मुदत संपली की घरी. अप्रेंटिसशिपमध्ये निदान सरकारी शिक्का होता, पण डिप्लोमावाल्याला तेव्हा किमान स्टायपेंड होता महिना ३,५४२ रुपये. माझी कॉट आणि एकवेळचा डबा मिळून ३,२०० व्हायचे. उरलेल्या साडेतीनशेत बसभाडं, रिचार्ज आणि साबण.

मुली का नकोत, हे मी तोंडावर विचारायला लागले. आधी लाज वाटायची, तिसऱ्या आठवड्यापासून वाटेनाशी झाली. उत्तर ठरलेलं: "तीन शिफ्ट आहेत, मुलींना नाइट देता येत नाही, कायदा आहे." कायदा होता हे खरं. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टात बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामावर ठेवायचं असं होतं. पण महाराष्ट्राने २०१५ सालीच ती अट सैल केली होती. सुरक्षा, वाहतूक वगैरे सोय केली तर रात्रपाळी देता येत होती. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी उपयोग काय झाला असता कोण जाणे. रिसेप्शनवर उभं राहून एचआरच्या माणसाला कायदा सांगणाऱ्या फ्रेशर मुलीला कोण घेणार! एकाने तर मोकळेपणाने सांगितलं, "मॅडम, खरं सांगू का, आमच्याकडे शॉपवर लेडीज टॉयलेटच नाही." तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला.

कन्सल्टन्सीचा अनुभव लांबवत नाही. नाव लिहीत नाही, आता ते दुकान तिथे नाहीही. रजिस्ट्रेशनचे ५०० घेतले, मग "इंटरव्ह्यू फिक्स झालाय, गेटपास आणि मेडिकलचे हजार भरा." भरले. ज्या पत्त्यावर पाठवलं तिथल्या गेटवर माझ्यासारखे सात जण उभे होते, सगळ्यांच्या हातात तेच पत्र, सगळ्यांवर तोच जावक क्रमांक. आम्ही एकमेकांचे कागद लावून बघितले आणि कोणी काही बोललं नाही. त्यातला एक मुलगा जळगावहून फक्त त्यासाठी आला होता. मी अण्णांना हे अजूनही सांगितलेलं नाही. ते हा लेख वाचणार नाहीत, असं धरून चालते.

मग चाकण. ३० जुलैला, सोमवारी, एका कंपनीत अकरा वाजता वॉक-इन होता आणि मेसेजमध्ये "ओन्ली बॉईज" नव्हतं. मी साडेआठलाच निघाले. मोशीच्या पुढे बस थांबली. मराठा आरक्षणासाठी रास्ता रोको होता, गाड्यांच्या रांगा लागलेल्या. कंडक्टरने अर्धा तास वाट बघितली आणि सांगितलं, गाडी पुढे जाणार नाही, ज्याला उतरायचं त्याने उतरा. मी उतरून थोडी चाललेसुद्धा. फाइल डोक्यावर धरलेली, कारण पाऊस भुरभुरत होता. समोरून चालत येणाऱ्या एका बाईने मला हाताला धरून वळवलं, "कुठं चाललीस एकटी? माघारी फीर." संध्याकाळी खोलीवरच्या मुलीच्या मोबाइलवर चाकणला जळालेल्या बस बघितल्या. दोन दिवसांनी कंपनीत फोन केला, तर जागा भरल्या होत्या. त्या दिवशी तिथवर कोण पोचलं असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. ज्यांची खोली चाकणलाच होती ते, दुसरं कोण. (पुढे ९ ऑगस्टला महाराष्ट्र बंद झाला. तो गुरुवार होता. भोसरीला काही फरक पडला नाही.)

अण्णांचा फोन रोज रात्री साडेनऊला. "काय झालं गं?" "एक ठिकाणी बोलावलंय परवा." असं मी सलग पंधरा दिवस सांगितलं असेन. एकदा ते म्हणाले, "त्या परवाचं काय झालं?" मी म्हटलं, "कोणत्या?" मग दोघंही गप्प. पाठीमागे आईचा आवाज आला, जेवली का विचारा.

ऑगस्टच्या मध्यावर माझ्याकडे २,६०० रुपये उरले होते. त्या गुरुवारी मी पुन्हा भूमच्या काकांकडे गेले. नोकरीसाठी नाही, खोलीवर बसवत नव्हतं म्हणून. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी काढून दिली आणि मला अक्षरशः झापलं.

"मोठ्या गेटवर कशाला जाती? तितं आत सोडाय माणूस नसतो, अडवाय असतो. आमचं कामच ते हाय. तू टी ब्लॉकात जा. गाळं हायेत बारकं बारकं. सकाळी साडेआठला जा, मालक सोता शटर उघडत असतो. त्याला वॉचमन परवडत न्हाय."

शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच हसले.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी टी ब्लॉकात. पहिल्या दिवशी चौदा गाळे झाले. खरंच, कोणी अडवलं नाही. मालक शटरच्या कुलपाशी झटत असायचा आणि मी शेजारी उभी. बहुतेकांनी "नको" म्हटलं, पण तोंडाने म्हटलं, माझ्याकडे बघून. महिनाभर ड्रॉवरशी बोलल्यावर हेही बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अकराव्या गाळ्यात एका काकांनी विचारलं, "व्हर्निअर वाचता येतं का?" मी म्हटलं, "हो, लीस्ट काउंट ०.०२." म्हणजे या माप घ्यायच्या हत्याराने ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं बारीक माप कळतं. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून दिलं आणि टेबलावरचा एक स्टीलचा तुकडा. मी माप सांगितलं. ते म्हणाले, "चूक." पुन्हा घेतलं, पुन्हा तेच आलं. "चूक. आधी पुस की तो. कूलंट आहे त्याच्यावर, कडेला बर आहे. आणि व्हर्निअरचं तोंड मिटून शून्य बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. शून्य एका रेघेने पुढे होतं. कूलंट म्हणजे कापताना धातूवर सोडतात ते द्रव, बर म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची धारदार कोर, आणि मी दोन्हींसकट मोजलं होतं. तीन वर्षांत प्रॅक्टिकलला आमच्या टेबलावर दोन व्हर्निअर आणि वीस मुलं. जर्नलमध्ये आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेले.

"चार हजार देईन," ते म्हणाले. "दोन महिने. बर काढायची, माल पुसायचा, मोजायचा, पॅक करायचा. नंतर तुझं नशीब." हिशेब त्यांच्या बायको बघायच्या, त्यांना सगळे वहिनी म्हणत. वहिनींनी मला आत नेऊन आधी टॉयलेट दाखवलं, मग हजेरीचं रजिस्टर. कमी पगाराबद्दल कोणी काही म्हणो, आणि तो कमीच होता, कायद्याने बसणारा नव्हता हे मला आता कळतं. पण त्या दोन महिन्यांत मी जे शिकले, ते डिप्लोमात शिकले नाही. तीन सीएनसी लेथ, एक ड्रिल, पाच माणसं आणि मी. आम्ही बुश बनवायचो, म्हणजे धातूची लहान पोकळ नळकांडी. आतला व्यास २० एच ७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर. एवढी बारीक जागा व्हर्निअरने पकडता येत नाही, त्यासाठी प्लग गेज. दोन तोंडांचा दांडा: एक "गो", दुसरं "नो-गो". गो सरळ आत सरकायला हवं, नो-गो अडायला हवं. जोर लावायचा नाही, गेज स्वतःच्या वजनाने जायला पाहिजे. हे "जोर लावायचा नाही" अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले. हाताच्या बोटांना बर लागून इतक्या चिरा पडल्या की मोबाइलचं लॉक अंगठ्याने उघडेना.

सप्टेंबरच्या शेवटी आमचा सहाशे बुशचा लॉट गिऱ्हाईक कंपनीने नाकारला. गो गेज आत जात नाही, अशी तक्रार. पूर्ण लॉट परत पाठवणार, वर डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून वजा. मालकांचा चेहरा उतरला, कारण एवढा माल परत आला तर पुढच्या महिन्याचा मशीनचा हप्ता अडकणार. असं झालं की माल पुरवणाऱ्याने आपला माणूस तिकडे पाठवायचा आणि तिथेच बसून चांगला-वाईट वेगळा करायचा. त्याला सगळे सेग्रिगेशन म्हणतात. माणूस मोकळा नव्हता. "तू जा," मालक म्हणाले.

टेम्पोतून ज्या गेटवर उतरले, तिथे मी जुलैत दोनदा सीव्ही देऊन आले होते. या वेळी वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, कोणाला भेटायचं, आणि शेवटचा रकाना: कशासाठी. मी वरच्या ओळीतल्या माणसाचं बघून लिहिलं: रिजेक्शन. त्याने पास दिला आणि गेट उघडलं.

स्टोअरच्या मागे एका पत्र्याच्या टेबलावर सहाशे बुश. मी पहिला उचलला, गेज लावलं. खरंच जात नव्हतं. दुसरा, तिसरा, तसंच. पोटात गोळा आला. मग सवयीने चौथा कापडाने आतून पुसला, कडेवरून बोट फिरवलं. तोंडाशी केसाएवढी बर, आणि तिच्यात अडकलेली काळी घाण. कानशीच्या टोकाने बर काढली, पुसला, गेज सोडलं. टक्कन आत.

दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत माझा चांगला ढीग वाईट ढिगापेक्षा मोठा झाला होता. क्वालिटीचे इनचार्ज दोनदा मागे येऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या चांगल्या ढिगातले वीस-पंचवीस बुश स्वतः तपासले, आणि आत येणारा माल, म्हणजे इनवर्ड, तपासणाऱ्या त्यांच्या माणसाला हाक मारून विचारलं, "हे इनवर्डला कोणी पुसून बघितलं नव्हतं का?" तो माणूस खाली बघत राहिला. मला त्याची दया आली. दोन महिन्यांपूर्वी मीही पुसलं नसतं. चूक आमचीच होती, बर काढूनच माल जायला हवा होता. संध्याकाळी हिशेब झाला: ५१२ चालले, ८८ खरोखरच खराब. साहेबांनी विचारलं, "डिप्लोमा कुठून?" मी सांगितलं. "नोकरीला आहेस तिथे?" मी काय सांगणार? म्हटलं, "शिकते तिथे." त्यांनी सीव्ही मागितला. माझ्याकडे नव्हता! अडीच महिने फाइल छातीशी धरून फिरले आणि त्या दिवशी पिशवीत डबा, एप्रन आणि कानस. डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला नाव आणि नंबर लिहून दिला.

फोन तीन आठवड्यांनी आला, तेव्हा मी आशा सोडली होती. इंटरव्ह्यूला एचआरच्या बाईंनी तोच प्रश्न काढला, नाइटचं काय. इनचार्ज म्हणाले, "इनवर्ड इन्स्पेक्शन आहे, जनरल शिफ्ट. नाइटला माल येतच नाही." एवढंच. ज्या प्रश्नाने माझे तीन महिने खाल्ले, तो एका वाक्यात मिटला. मला आनंद व्हायच्या आधी राग आला, खोटं का बोला.

मालकांना सांगायला गेले तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. माणूस तयार केला की मोठा गिऱ्हाईक उचलून नेतो, हे त्यांना नवं नव्हतं. वहिनींनी आठ दिवसांचे जास्तीचे पैसे दिले आणि जुनं व्हर्निअरही. "त्याचं शून्य पुढे आहे, लक्षात ठेव," म्हणाल्या.

पहिला पगार दिवाळीनंतर झाला. एक वर्षाचा करार, डिप्लोमा ट्रेनी, ९,५०० रुपये. पगारपत्रक मी खोलीवर नेऊन तीनदा वाचलं. पीएफचे ९००, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, १६७, हातात ८,४३३. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा पगार तेवढाच, पण त्याचे आणखी १७५ कापले होते. व्यवसाय कर. बायकांना तेव्हा दहा हजारांपर्यंत तो माफ होता. मुलगी असल्याचा एवढ्या महिन्यांत मला झालेला हा पहिला फायदा, आणि तो मी त्या मुलाला मिसळ खाऊ घालून संपवला. रात्री साडेनऊला अण्णांना आकडा सांगितला. "कापून की धरून?" त्यांनी विचारलं. हिशेबनीस माणूस. "कापून." "बरं आहे," ते म्हणाले, आणि फोन आईकडे देताना घसा खाकरला.

पुढच्या गुरुवारी पेढे घेऊन भूमच्या काकांकडे गेले. सगळीकडे शटर खाली, टपरीवर ताडपत्री, फक्त गेटवर खुर्ची. खुर्चीत दुसराच कोणी तरुण मुलगा होता. एजन्सीने काकांना दिवाळीच्या आधीच दुसऱ्या साइटवर टाकलं होतं, कुठे ते त्याला माहीत नव्हतं. मी पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभी. त्याने माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं.

"मॅडम, आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "सीव्ही असेल तर ठेवून जा." आणि ड्रॉवर उघडला.